शेरीफला समन्स बजावणारा माणूस

थर्मन,

काउंटीच्या इतिहास मंडळाने मला एक छापील तक्ता धाडलाय. जुन्या अधिकाऱ्यांची माहिती हवी म्हणे. नाव, पद, पक्ष, मुदत, आणि शेवटी 'विशेष' असा एक रकाना, माझ्या अंगठ्याएवढा. तुझ्या ओळीत मी लिहिलं: थर्मन एग्लॉफ, कॉरोनर, चार मुदती. मग त्या अंगठ्याएवढ्या जागेकडे बघत बसले आणि मला रागच आला. तुला जाऊन अकरा महिने झाले. आता तू मध्येच "जाऊ दे ना, नेवा" म्हणून माझी लेखणी अडवू शकत नाहीस. तेव्हा तक्ता बाजूला ठेवला आणि तुलाच लिहायला बसले. मंडळाला हवं तर त्यांनी हे छापावं, नको तर शेगडीत घालावं.

यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे. पण वाचणारे नवे आहेत, तेव्हा निमूट ऐकून घे.

बेसेट गावच्या चौकात मधोमध आपली दगडी कचेरी. खालच्या मजल्यावर खजिनदार, समोर जमिनीची आकारणी करणारा, तळघरात मोजणीदार त्याच्या साखळ्या आणि नकाशांसकट, आणि वरच्या मजल्यावर कोर्टाची कागदपत्रं सांभाळणारी, काउंटीची निवडून आलेली क्लार्क म्हणून मी. सगळ्यांना खोली होती. तुला नव्हती. कॉरोनरला काउंटीने दिलं होतं काय, तर माझ्या खोलीबाहेर टपालाचा एक खण आणि एक रबरी शिक्का. तू त्याबद्दल एकदाही तक्रार केली नाहीस, याचा मला तेव्हाही वैताग यायचा.

तुझं फर्निचरचं दुकान होतं. पुढच्या काचेत झुलत्या खुर्च्या, मागच्या खोलीत शवपेट्या. वडिलांनी तसंच चालवलं होतं, तूही चालवलंस. अठ्ठावन्न साली पक्षाचा अध्यक्ष दुकानात आला तो खुर्ची बघायला आलाय असं तुला वाटलं. तो म्हणाला, "थर्मन, कॉरोनरसाठी नाव दे. दुसरं कुणी तयार नाही. नाहीतरी माणूस शेवटी तुझ्याकडेच येतो, तू फक्त अर्धा तास आधी जायचं." तू नाव दिलंस आणि निवडून आलास. विरोधात कुणी उभंच नव्हतं, त्यामुळे त्यात फारसं कौतुक नाही. कौतुक पुढचं.

कॉरोनरचं काम कायद्यात चार ओळींत सांगितलंय. कुणी अचानक गेलं, एकटं गेलं, अपघातात गेलं, तर जायचं, कशाने गेलं ते ठरवायचं आणि सही करायची. घरच्यांना जाऊन सांगायचं, हे त्या चार ओळींत कुठेही नाही. ते शेरीफच्या माणसांनी हळूच तुझ्यावर ढकललं, कारण त्यांना ते जमत नव्हतं. एक पोलीस तर दारात उभा राहून हवापाण्याच्याच गप्पा मारून परत आला होता. तुझी पद्धत निराळी. काळा कोट. दारात टोपी हातात. आणि पहिलं वाक्य नेहमी तेच: "आधी बसून घ्या." माणूस बसेपर्यंत तू थांबायचास. मग एका वाक्यात सांगायचास, न फिरवता. आणि लगेच निघून जायचा नाहीस. एका शेतकऱ्यावर ट्रॅक्टर उलटला तेव्हा तू सही केलीस, बायकोला सांगितलंस, तिच्या बहिणीला बोलावून आणलंस, आणि मग कोट काढून अकरा गाईंच्या धारा काढल्यास. मी दुसऱ्या दिवशी विचारलं, "हे काय नवीन?" तर म्हणालास, "गाईंना कुठे कुणी सांगितलं होतं?"

पण त्याचा व्हायचा तो परिणाम झालाच. गाडी तुझी एकच, लांब आणि काळी. तिच्यातून कपाटं जायची आणि माणसंही. गाडी एखाद्या कच्च्या रस्त्याला वळली की त्या रस्त्यावरची प्रत्येक बाई हातातलं काम टाकून आपली माणसं मनात मोजायची. ते तुझ्या लक्षात आलं तेव्हा तू दोन हॉर्न द्यायला लागलास. दोन हॉर्न म्हणजे सामान, घाबरू नका. अख्ख्या टॅलमन काउंटीला ही खूण पाठ होती. मुलंसुद्धा ओरडायची, "आई, कपाट आलं!"

एकसष्ट साली तुझी अर्मा गेली. मूलबाळ नव्हतंच. तू दुकानाच्या मागच्या खोलीत उभ्याउभ्या डब्यातलं काहीतरी खायला लागलास, तेही चमच्याने थेट डब्यातून. मी एकदा पाहिलं आणि काही बोलले नाही. मला जमत नाही असलं बोलायला. बोलला तो रॉइस. रॉइस हॅडिक्स, आपला शेरीफ. आडवातिडवा मोठा माणूस, आवाज त्याहून मोठा. तो तुझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "गुरुवारी ये. पत्त्यांत युकर खेळायला चौथा भिडू नाहीये."

तेव्हा शेरीफचं राहतं घर तुरुंगाला चिकटलेलं होतं आणि कैद्यांचा स्वयंपाक शेरीफची बायकोच करायची, जणू नवऱ्याबरोबर तीही निवडून आली होती. लव्हॉनच्या त्या स्वयंपाकघरात दर गुरुवारी संध्याकाळी आपण चौघं. तू आणि रॉइस एका बाजूला, लव्हॉन आणि मी दुसऱ्या. आधी कैद्यांची ताटं जायची, मग आपली. नूडल्स घातलेलं कोंबडीचं कालवण, कुस्करलेल्या बटाट्यावर ओतलेलं, आणि शरदात पर्सिमन नावाच्या रानफळाचं पुडिंग. तू आठवडाभर जेवढं बोलायचास त्याच्या दुप्पट त्या दोन तासांत बोलायचास. खिडकीकडची खुर्ची तुझी. लव्हॉन तिच्यावर दुसऱ्या कुणाला बसू द्यायची नाही. "ऊठ, ती कॉरोनरची जागा आहे, बसशील तर लवकर मरशील," असं तिने एकदा न्यायाधीशांनाच सुनावलं होतं.

त्या खुर्चीवर तुझा जीव होता. हे मी वाचणाऱ्यांना स्पष्ट सांगून ठेवते, म्हणजे पुढचं कळेल.

चौसष्टचा एप्रिल. ऑटिली ब्रामर जिना चढून वर आली. वय ऐंशी, पायात रबरी बूट आणि अंगावर चर्चला जायचा कोट. तिने माझ्या टेबलावर एक बटाटा ठेवला. कुजलेला.

"हे काय आहे?" तिने मलाच विचारलं.

"बटाटा आहे, ऑटिलीबाई."

"होता. अशी चार पोती आहेत. तुमच्या त्या शेरीफला मासे पाळायची हौस आलीय. माझ्या शेताच्या खालच्या अंगाला ओढा अडवून तळं केलंय त्याने. पाणी माझ्या तळघरात शिरलं. जिन्याच्या तीन पायऱ्या बुडाल्यात. तीनदा सांगून आले. म्हणतो, 'उन्हाळ्यात आटेल हो, मावशी.' मावशी म्हणे! त्याच्या आईला मी डोळ्यासमोर चालत नव्हते."

"मग आता?"

"दावा लावायचाय. आण तुझा कागद."

मी कागद आणला. तिने वाचून, दोन चुका दुरुस्त करून, सही केली. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि हा त्याला देणार कोण? काउंटीत समन्स शेरीफच बजावतो ना? म्हणजे तो एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालणार?"

कायदा करणारे वाटतात तेवढे बावळट नसतात. आमच्या राज्याच्या कायद्यात सरळ लिहिलंय की समन्स खुद्द शेरीफवर असेल तर ते कॉरोनरने बजावायचं. शेरीफला धरायची वेळ आलीच तर तेही कॉरोनरनेच. असं शेवटचं कधी घडलं होतं, हे कचेरीत कुणालाच आठवत नव्हतं. मी फोन उचलला.

"थर्मन, वर ये."

"कोण गेलं?"

"कुणी नाही. तूच ये."

तू आलास, कागद वाचलास आणि स्वतःच बसून घेतलंस.

"टपालाने पाठव ना."

"हातातच द्यावा लागतो."

"मोजणीदाराला सांग. त्याचे पाय मजबूत आहेत."

"त्याला शेरीफ मोजायचा नाहीये. कायद्यात तुझं पद लिहिलंय."

"नेवा," तू टोपी गुडघ्यावर फिरवत म्हणालास, "माझा गुरुवार जाईल."

एवढंच म्हणालास. मला वाईट वाटलं, पण मी क्लार्क होते. मी म्हटलं, "दहा दिवस आहेत. त्यात बजावलं नाहीस तर दावा थेट सप्टेंबरात जाईल, आणि तोवर ऑटिली तळघरात बदकं पाळेल. ती ऐंशीची आहे, थर्मन. तिच्याकडे सप्टेंबर उधळायला नाहीत." तू कागदाची घडी घातलीस, कोटाच्या आतल्या खिशात ठेवलीस आणि गेलास.

पहिले पाच दिवस तू काही केलं नाहीस. मग गुरुवार आला आणि तू तो कागद खिशात घेऊन युकर खेळायला बसलास! मी डोळे वटारून पाहतेय आणि तू पानं लावतोयस. शेवटी धीर करून म्हणालास, "रॉइस, तुझ्या तळ्यात मासे किती असतील?"

"दोनशे!" रॉइस खुलला. "जूनमध्ये तुला पहिला गळ टाकायला देतो. तुझ्यासाठी काठावर बाकही करून घेतोय."

तू पुन्हा पानं लावायला लागलास. मी टेबलाखालून तुला लाथ मारली, ती लागली लव्हॉनला.

"नेवाबाई," लव्हॉन म्हणाली, "पानं वाईट आली तर देवाला बोल, माझी पोटरी कशाला फोडतेस?"

त्या दिवशी तू हुकमाची तीन पानं फुकट घालवलीस. रॉइस म्हणाला, "आज याचं लक्ष कुठेय, कुणी मेलंबिलं नाही ना?"

दहावा दिवस सोमवार होता. दुपारी दोनला मी खिडकीशी उभी होते आणि तू दुकानातून बाहेर पडलास. काळा कोट, नीट ब्रश केलेला. चौक ओलांडायचा तर गाडी कशाला, म्हणून चालत. म्हणजे हॉर्नचा प्रश्नच नाही. तीन वर्षं त्या घरात तू मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून गेलास. पण तू नंतर मला म्हणालास, "कोर्टाचा कागद आहे, तो भांडी घासायच्या मोरीपाशी कसा द्यायचा?" म्हणून पुढच्या दाराने गेलास. पायऱ्या चढताना टोपी काढलीस. हे सगळं मी बघत होते, आणि हाताशी फोन होता. लव्हॉनला दोन शब्द सांगायला दहा सेकंद लागली असती. मला वाटलं, मोठा माणूस आहे, करेल की.

लव्हॉनला माहीत होतं ते इतकंच की रॉइस सकाळीच दगडाच्या खाणीवर गेलाय, तिथे काहीतरी कोसळलंय. तो अर्ध्या तासापूर्वी परत येऊन तुरुंगामागच्या बोळात गाडी धूत होता, हे तिला माहीत नव्हतं. घंटा वाजली. तिने परात कडेला धरून पिठाच्या हातांनी दार उघडलं. समोर तू. काळा कोट. टोपी हातात. आणि तुझ्या तोंडून, सहा वर्षांच्या सवयीने, तुझं वाक्य बाहेर पडलं.

"लव्हॉन, आधी बसून घे."

ती बसली. होती तिथेच, जमिनीवर. परात घरंगळत पायऱ्यांवरून खाली आली, तो आवाज मला चौकापलीकडे ऐकू आला.

"खाणीत ना?" ती म्हणाली.

तू पार गोंधळलास. "नाही नाही, खाणीचं नाही. तळ्याचं आहे."

"बुडाला?" आणि मग तिने जी किंकाळी फोडली, तिने तुरुंगाच्या वरच्या मजल्यावरचे चारही कैदी गजांशी आले. खजिनदार खालून धावला. मी जिन्यावरून कशी उतरले ते मला आठवत नाही. मी पोचले तेव्हा तू तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून तिचे पिठाचे हात धरले होतेस आणि तुझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. गावातल्या प्रत्येक घराला धीर देणारा माणूस!

तेवढ्यात घराच्या कडेने रॉइस आला. एका हातात बादली, दुसऱ्यात फडकं, कोपरापर्यंत साबण.

"काय आरडाओरडा आहे? कोण गेलं?"

लव्हॉनने जमिनीवरूनच बोट दाखवलं. "तू!"

मग ती उठली, त्याच्या हातातलं ओलं फडकं हिसकावून घेतलं आणि त्यानेच त्याला बडवायला लागली. रडतेय आणि बडवतेय. रॉइस एवढा धिप्पाड गडी, पण डोक्यावर हात धरून म्हणत होता, "अगं, मी काय केलं? अगं, मी जिवंत आहे हा माझा गुन्हा आहे का?" वरून एक कैदी ओरडला, "वहिनी, डाव्या बाजूने!"

तू उभा राहिलास. गुडघे झटकलेस. मग तो कागद काढलास आणि साबणाच्या त्या हातात दिलास. "रॉइस हॅडिक्स, हे तुझ्या नावाचं समन्स आहे. ऑटिली ब्रामर यांच्या दाव्यात. ते मी तुला बजावलं."

रॉइसने वाचलं. चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. "हे तुझ्या खिशात होतं? गुरुवारी? माझ्या टेबलावर जेवत होतास तेव्हा?"

"होतं."

"मग या गुरुवारी येऊ नकोस." आणि वळला.

"तू थांब जरा," लव्हॉन म्हणाली. आवाज शांत होता, म्हणून तो खरंच थांबला. "मी चार मिनिटं विधवा होते, रॉइस. चार मिनिटं. मनात तुझ्या शवपेटीसाठी निळा सूट काढून ठेवला मी. का? तर तुला दोनशे मासे हवेत, आणि म्हाताऱ्या बाईचं ऐकायला तुला फुरसत नाही."

तू टोपी घातलीस आणि चौक ओलांडून गेलास. त्या दिवशी दुकान लवकर बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्यापुढे उभा. समन्स बजावलं की माझ्याकडच्या प्रतीच्या मागे बजावणीची नोंद करायची असते: कुणाला, कधी, कुठे, अशा तीन छापील ओळी, खाली सही. ती सही नसेल तर कोर्टापुढे ते समन्स बजावलेलंच नसतं. तू लेखणी घेतलीस. परत ठेवलीस.

"मी त्याला कागद दिला तेव्हा ती रडत होती," तू म्हणालास. "ते कुठे लिहायचं?"

"कुठेही नाही. तारीख घाल, सही कर."

"नेवा, मी आता लोकांच्या दारात जाऊन म्हणू काय?"

"तेच म्हण. फक्त जिथे कुणी मेलंय तिथेच म्हण."

तुला हसू आलं नाही. म्हणालास, "उद्या करतो सही." सुनावणी पुढच्या सोमवारी होती, म्हणून मी म्हटलं, बरं, शनिवारपर्यंत कर.

तिकडे लव्हॉनने काय केलं ते काउंटीत अजून सांगतात. भांडली नाही. फक्त मंगळवारपासून कैद्यांच्या ताटात तळलेली कोंबडी, गरम ब्रेड, घरचा मुरांबा, आणि शेरीफच्या ताटात डब्यातल्या गार शेंगा. बुधवारी तेच. गुरुवारी तेच. शुक्रवारी रॉइस म्हणे गजांशी जाऊन एका कैद्याला विचारत होता, "ते पुडिंग तू संपवणार आहेस का?" शनिवारी सकाळी त्याने दोन कैदी, तीन फावडी घेतली, शेतावर गेला आणि बांध फोडला. मासे ओढ्यात. दुपारपर्यंत निम्मी काउंटी ओढ्याकाठी बादल्या घेऊन उभी. मीही गेले होते. मला काही मिळालं नाही.

सोमवारी ऑटिलीबाई आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा टेबलावर ठेवला.

"दावा मागे घेतला. पाणी उतरलं. हा मासा थर्मनला दे, त्याने तेवढं तरी खावं. बरगड्या दिसतात त्याच्या."

"शेरीफसाठी काही निरोप?"

"त्याला सांग, पुढच्या वेळी मावशीचं ऐक."

मासा मी तुला पोचवला. तू तो तळलास आणि उभ्याउभ्या खाल्लास, ते मी पाहिलं. आणि मग सात गुरुवार रिकामे गेले.

रिकामे तुझे. आमचे चालूच होते, फक्त भयंकर. युकरला चौघं लागतात. रॉइसने तुझ्या जागी कैद्यांतला एक आणून बसवला, ड्यूई म्हणून, कोंबड्या चोरल्याबद्दल साठ दिवस आत होता. लव्हॉनने त्याला खिडकीकडची खुर्ची दिली नाही, स्टूल दिलं. पण तो खेळायचा काय! प्रत्येक पान लक्षात. आणि तोंड बंद ठेवायचा नाही. "अहो साहेब, हुकूम असा टाकतात का? हात माझाच होता की!" "साहेब, मागच्या डावातही हीच चूक केलीत." शेरीफ स्वतःच्या घरात, स्वतःच्या कैद्याची बोलणी खातोय आणि लव्हॉन पानांआड तोंड लपवून हसतेय. सातव्या गुरुवारी ड्यूई म्हणाला, "मी परवा सुटतोय, साहेब. पण जरा सराव करा. मी चोर असून मला लाज वाटते."

त्या सोमवारी रॉइस तुझ्या दुकानात आला. हे तूच मला सांगितलंस, आणि सांगताना पहिल्यांदा मोकळा हसलास. तो आला आणि त्याने काचेतल्या पाचही झुलत्या खुर्च्यांवर एकामागून एक बसून पाहिलं. तू गिऱ्हाइकापाशी उभं राहावं तसा उभा.

"आमच्या स्वयंपाकघरातल्या एका खुर्चीचा पाय हलतोय," तो म्हणाला.

"घेऊन ये. बघतो."

"नाही. ती तिथेच हलते."

"मग?"

"मग गुरुवारी येऊन बघ. आणि बांध मी फोडलाय, तुला कळलं असेल."

"मासा खाल्ला मी."

"कसा होता?"

"काटे फार."

"दोनशेचे काटे," रॉइस म्हणाला आणि गेला.

गुरुवारी तू खरोखरच सरसाचा डबा आणि लाकूड आवळायचे दोन शिकंजे घेऊन आलास, मागच्या दाराने. खिडकीकडची खुर्ची उलटी केलीस, चारही पाय एकेक करून हलवून पाहिलेस. एकही हलत नव्हता. तू खुर्ची सरळ केलीस आणि तिच्यावर बसलास. लव्हॉनने तुझ्यापुढे ताट आपटलं. "मेल्या, पुन्हा पुढच्या दाराने आलास तर याच परातीने डोकं फोडीन." आणि वर दोन डाव कालवण वाढलं.

तो गुरुवार त्यानंतर सव्वीस वर्षं चालला. आमच्या राज्यात दोन मुदतींनंतर चार वर्षं पद सोडावं लागतं. तू सोडलंस, पुन्हा उभा राहिलास, पुन्हा दोन मुदती केल्यास. रॉइस निवृत्त होऊन शेतावर राहायला गेला, तेव्हा ते टेबल आणि त्या खुर्च्या तुझ्याच काळ्या गाडीतून गेल्या. तू वाटभर हॉर्न देत होतास. रॉइस गेला तेव्हा लव्हॉनला सांगायला कुणाला जावं लागलं नाही. ती, तू आणि मी तिथेच बसलो होतो, डाव अर्धा होता, आणि त्याची पानं चांगली होती. तुझं सारं आयुष्य मला असंच वाटतं, थर्मन: लोकांच्या सगळ्यात वाईट दुपारी तू त्यांच्या दारात उभा होतास, आणि तरी तू पोटभर जेवणारा, सुखी माणूस होतास. हे 'विशेष'च्या रकान्यात मावत नाही.

राहिली ती सही. दावा मागे घेतला तरी फाइल बंद करायला बजावणीची नोंद लागते. मी तुला मेमध्ये सांगितलं. "पुढच्या आठवड्यात करतो." जूनमध्ये सांगितलं. "चष्मा घरी राहिला." सत्तर साली माझी मुदत संपली आणि मी नव्या क्लार्कला आठ वर्षांच्या फाइली सोपवल्या, एक सोडून सगळ्या पुऱ्या. मला रात्री झोप लागेना असल्या गोष्टींनी, तुला माहीत आहे. एकदा मी तुला चांगलं फैलावर घेतलं, तर तू म्हणालास, "सही केली की मी त्याला बजावलं असं होईल."

"बजावलंच आहेस! लव्हॉनला विचार."

"तिला ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक आहे. कचेरीला कशाला सांगायचं?"

तू गेलास त्याच्या आधीच्या ऑगस्टमध्ये तू वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात बसला होतास आणि आपण होऊन विषय काढलास. म्हणालास, "नेवा, तो कागद घेऊन ये. आता करतो सही." मी कचेरीत फोन केला. हल्लीची क्लार्क चुणचुणीत आहे. तिने तळघरातून फाइल शोधून ठेवली आणि म्हणाली, केव्हाही या. मी म्हटलं, येते या आठवड्यात. कचेरी माझ्या घरापासून तीन चौक आहे. पायांना काही झालं नव्हतं, हवाही चांगली होती. मी ऑगस्टमध्ये गेले नाही, नाताळाआधीही गेले नाही, आणि मार्चमध्ये तू गेलास. फाइल अजून तिच्या टेबलावर आहे. तीन ओळी कोऱ्या आहेत. मी आणायला जायला हवं होतं, आणि गेले नाही.

नेवा